ठग, थॅचरबाई आणि डिटेक्टिव्ह

मंडळी, आजची सुरुवात एका कोड्याने.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर, बेकर स्ट्रीटवर राहणारे शेरलॉक होम्स आणि दोनशे वर्षांपूर्वी मध्य भारतातल्या रस्त्यांवर वाटसरूंच्या गळ्याभोवती रुमाल आवळणारा एखादा ठग, या तिघांत साम्य काय?

(थॅचरबाईंवर खार खाऊन असलेले इंग्रज लगेच हात वर करतील. पण ते उत्तर नको!)

उत्तर आहे 'झाकणे'. थॅच म्हणजे गवताने किंवा पेंढ्याने छप्पर शाकारणं. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घरं शाकारायचे तसंच. जो हे काम करतो तो थॅचर. आपल्याकडे सुतार, लोहार ही जशी आडनावं झाली तसंच हे तिकडचं. डिटेक्टिव्ह आला 'डिटेक्ट'वरून आणि तो लॅटिनमधून. तिथे 'तेगेरे' म्हणजे झाकणे आणि 'देतेगेरे' म्हणजे झाकण काढणे. आणि ठग? संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणे, लपवणे. त्यावरून 'स्थग' म्हणजे लबाड माणूस, आणि पुढे घासून गुळगुळीत होत होत ठग. मराठीत तोच ठक, ठकवणे आणि आपले लाडके ठकसेन.

भाषाशास्त्राच्या कोशांमध्ये हे तिन्ही शब्द एकाच आदिम धातूखाली मांडलेले असतात. त्याचं रूप साधारण 'स्तेग' असं धरतात आणि अर्थ झाकणे. एक छप्पर झाकतो, एक झाकलेलं उघडतो आणि एक स्वतःचा हेतू झाकतो.

गंमत इथेच संपत नाही. 'स्थगित' हा शब्द घ्या. संस्कृतात त्याचा अर्थ झाकलेलं, बंद केलेलं, अडवलेलं. आज आपण 'परीक्षा स्थगित', 'सुनावणी स्थगित' असं म्हणतो. म्हणजे ठग आणि स्थगिती ही एकाच आईची लेकरं. ज्यांची केस कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे त्यांना हे कळायला कोश उघडायची गरज नाही :-)

आता याच घराण्यातली थोडी सभ्य मंडळी बघा. प्रोटेक्ट म्हणजे पुढून झाकणे. टाइल म्हणजे मूळचं कौल, लॅटिन 'तेगुला'. रोमन लोक अंगावर घ्यायचे तो टोगा. जहाजाचा डेक, जो आपल्याला चालायची जागा वाटतो, तो मुळात खालच्या माणसांच्या डोक्यावरचं झाकण होता.

म्हणजे एकाच धातूतून संरक्षणही निघालं आणि फसवणूकही. झाकायची क्रिया तीच. कोण झाकतंय आणि झाकणाखाली कोण आहे, एवढाच फरक. हा फरक कागदावर फार छोटा वाटतो. इतिहासात मात्र त्यापायी लोकांची आयुष्यं गेली आहेत. आज त्याबद्दलच लिहायचंय. पण त्याआधी थोडं तंत्र.

हे कळतं कसं?

रास्त शंका आहे. 'ठग' आणि 'थॅच' ऐकायला सारखे वाटतात म्हणून नातं जुळवायचं, तर मग 'नीर' आणि इंग्रजी 'निअर' पण भाऊ होतील. (नाहीत.)

१७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येण्यासारखं नाही, त्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात. ती मूळ भाषा कुठेही लिहिलेली सापडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हरवलाय, वेगवेगळ्या मशीन्सवर चालणारी एक्झिक्युटेबल्स तेवढी हातात आहेत, आणि त्यांवरून रिव्हर्स इंजिनिअरिंग चाललंय.

या कामात सगळ्यात उपयोगी पडली ती नियमबद्ध 'फाइंड अँड रिप्लेस'. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू आठवतात? त्यांतला थोरला, याकोब, याने १८२२ मध्ये हे नियम नीट मांडले. लॅटिन-संस्कृतात जिथे त आहे तिथे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत थ येतो. संस्कृत त्रि, इंग्रजी थ्री. संस्कृत तनु, इंग्रजी थिन. मग लॅटिन 'तेगेरे'मधल्या तचं इंग्रजीत थ होणार, म्हणजे थॅच. तसंच लॅटिन क, संस्कृत श आणि इंग्रजी ह अशी जोडी जमते. लॅटिन केंतुम, संस्कृत शत, इंग्रजी हंड्रेड.

आणि इथे एक मजेदार अपघात झाला. इंग्रजांनी आपला 'ठग' ऐकला, रोमन लिपीत लिहिला आणि मग लिपीत जे दिसलं ते वाचून त्याचा उच्चार 'थग' करायला लागले. म्हणजे चुकीच्या उच्चारामुळे त्याला नेमका तोच आवाज मिळाला जो ग्रिमच्या नियमाने थॅचला मिळाला होता. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ स्पेलिंगच्या घोळात पुन्हा शेजारी येऊन बसले.

तुमच्या फ्लॅटमधला हॉल

झाकण्याचं दुसरं मोठं घराणं 'केल' या धातूचं. लॅटिन 'केलारे' म्हणजे लपवणे, त्यावरून इंग्रजी कन्सील. लॅटिन 'केल्ला' म्हणजे लहानशी झाकलेली खोली, त्यावरून सेल. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्यात त्याला खोल्याखोल्या दिसल्या, त्यांना त्याने सेल म्हटलं आणि जीवशास्त्राला शब्द मिळाला. तुरुंगातली कोठडी सेल, एक्सेलच्या शीटमधला चौकोन सेल, आणि मोबाईल नेटवर्कचा प्रदेश ज्या तुकड्यांमध्ये वाटतात तेही सेल, म्हणून सेलफोन.

इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेतून आलेले शब्द बघायचे तर क चा ह करा. हेल, म्हणजे नरक. त्यात मुळात आग-बिग काही नव्हती. ती मेलेल्यांची झाकलेली, नजरेआडची जागा होती. हेल्मेट म्हणजे डोकं झाकणारं. आणि हॉल, म्हणजे वरून झाकलेली मोठी जागा.

आता वरचा नियम आठवा. इंग्रजी ह असेल तिथे संस्कृतात श. शत आणि हंड्रेड, तसं हॉल आणि...? शाला! अनेक कोशकार शाला हा शब्द याच घराण्यात बसवतात. म्हणजे आपण टू बीएचके बघायला जातो तेव्हा त्यातला एच आणि आपली मराठी शाळा हे दूरचे चुलत भाऊ असण्याची बरीच शक्यता आहे.

ग्रीकमधला 'कॅलिप्टो' हाही साधारणपणे इथलाच मानतात. ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो त्याचं युकॅलिप्टस हे नाव १७८८ मध्ये एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवलं. अर्थ 'छान झाकलेला', कारण त्याच्या कळीवर टोपीसारखं झाकण असतं.

बघा, इथेही तोच प्रकार आहे. डोकं वाचवणारं हेल्मेट आणि माणूस गडप करणारं हेल, शाळा आणि कोठडी, सगळं एकाच छपराखाली.

१०६६ नंतरचं पांघरूण

आता मुख्य शब्द, कव्हर. हा इंग्रजीतला मूळचा नाही. जुन्या इंग्रजीत झाकण्यासाठी 'थेक्कन', 'हेलन' असे घरचे शब्द होते. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट आणि मोठ्या लोकांची बोली फ्रेंच झाली. त्या लाटेत कव्हर आला. 'थेक्कन' बिचारा छपरापुरता उरला (तोच थॅच) आणि 'हेलन' बोलीभाषांच्या कोपऱ्यात गेला. आपल्याकडे फारसी आल्यावर काय झालं ते आठवा, म्हणजे लगेच लक्षात येईल.

कव्हर हा लॅटिनमधून, 'वेर' या तिसऱ्या धातूपासून. त्याचं संस्कृत रूप 'वृ'. त्यावरून आवरण, निवारण, आणि आपलं अगदी घरगुती 'आवरणे'. सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी असताना आई जे 'आवर लवकर!' ओरडायची, त्यातला 'आवर' आणि पुस्तकाचं कव्हर यांचं मूळ एकच.

कव्हरची दोन मुलं वेष बदलून फिरतात. एक कर्फ्यू. फ्रेंचमध्ये 'आग झाका'. मध्ययुगीन गावांत रात्री घंटा व्हायची, मग प्रत्येकाने चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा. लाकडी घरं, गवताची छपरं, एक ठिणगी पुरे. आपल्याकडेही चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचेच की. त्या घंटेचा शब्द पुढे 'माणसांनी बाहेर पडू नये' या हुकुमाचा झाला. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूत आपण सगळेच त्या राखेखाली होतो.

दुसरं कर्चिफ, म्हणजे 'डोकं झाका'. मग हातात धरायचं ते हँडकर्चिफ, म्हणजे हातातलं डोकेझाकण! आणि खिशात ठेवायचं पॉकेट हँडकर्चिफ. एकेक थर चढत गेला आणि आतल्या डोक्याचा कोणालाच पत्ता राहिला नाही. लेगसी कोडवर काम केलेल्यांना हे नवीन नाही.

पण कव्हरचं तिसरं अपत्य हसण्यासारखं नाही. त्याचं नाव कव्हर्चर. फ्रेंचमध्ये आजही 'कुवेर्त्युर' म्हणजे पांघरूण. (घरी चॉकलेट बनवणाऱ्यांना वरून लेप द्यायचं कुव्हर्चर चॉकलेट माहीत असेल, तेच हे.) इंग्लंडच्या कायद्यात मात्र कव्हर्चर म्हणजे लग्न झालेल्या बाईची अवस्था. लग्न झालं की नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बाई नवऱ्याच्या आवरणाखाली गेली. विल्यम ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये इंग्लंडच्या कायद्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापायला सुरुवात केली तेव्हा हा नियम तिच्या संरक्षणाचा म्हणूनच मांडला होता. प्रत्यक्षात तिच्या पैशाअडक्यावर, दागिन्यांवर, कमाईवर नवऱ्याचा हक्क. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता की एकटीने दावा लावता येत नव्हता. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिच्या मालमत्तेवर तिचा स्वतंत्र हक्क आला.

म्हणजे पांघरूण घातलं संरक्षणासाठी, आणि खालचं माणूस कायद्याला दिसेनासं झालं.

थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या मुंबईचं आहे. रखमाबाईंचा खटला तुम्ही ऐकला असेल. लहानपणी लग्न झालेलं, मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला आणि नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि १८८७ मध्ये हुकूम निघाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करीन असं कळवलं. १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. यात कव्हर्चर थेट नव्हता. पण नवऱ्याने असा दावा लावायची तरतूद इंग्लंडच्या धर्मपीठाच्या कायद्यातून इथे आली होती. आणि गंमत (?) अशी की इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद केलं होतं. तिकडचं पांघरूण तिकडे फाटायला लागलं होतं, इकडे ते तसंच घट्ट होतं.

ही 'तिकडे एक, इकडे एक' गोष्ट लक्षात ठेवा. कारण पुढे ठगांकडे जायचंय.

लंडनचा पोलीस आणि जबलपूरचा साहेब

लंडनमध्ये १८२९ साली मेट्रोपोलिटन पोलीस सुरू झाले. त्यांना मुद्दाम गणवेश दिला होता, कारण साध्या वेषातला सरकारी माणूस म्हणजे हेर, आणि हेर म्हणजे फ्रान्समधली थेरं, अशी इंग्रज माणसाची ठाम समजूत होती. पोलीस दिसला पाहिजे! १८३३ मध्ये विल्यम पोपे नावाचा एक सार्जंट साध्या कपड्यांत, सभासद असल्याचं सोंग घेऊन एका राजकीय संघटनेत शिरल्याचं उघड झालं. केवढा गहजब झाला! पार्लमेंटची चौकशी समिती बसली, पोपेवर ठपका आला, त्याची नोकरी गेली. लंडनमध्ये अधिकृत डिटेक्टिव्ह शाखा निघायला १८४२ उजाडलं, आणि तीही केवढी? दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट. दुसऱ्याचं झाकण काढायचं तर आधी स्वतःला झाकावं लागतं, आणि सरकारने स्वतःला झाकणं हे लंडनच्या लोकांना धोक्याचं वाटत होतं.

आता त्याच वर्षांत इकडे काय चाललं होतं?

ठग हा शब्द जुना. झियाउद्दीन बरनीने चौदाव्या शतकात लिहिलेल्या तवारिखेत जलालुद्दीन खलजीच्या काळात दिल्लीत हजारभर ठग पकडल्याची हकीकत आहे. सुलतानाने त्यांना मारलं नाही, नावांत घालून बंगालकडे सोडून दिलं. पण बरनीच्या ठगाचा अर्थ नक्की काय? लबाड? लुटारू? मराठीतला 'ठकास महाठक' मधला ठक गळा दाबत नाही, तो फक्त गंडवतो. शब्द सैल होता. भाषेत तसे असतातच.

कंपनी सरकारने तो आवळला. विल्यम स्लीमन हा जबलपूर-नरसिंगपूर भागातला अधिकारी. वाटसरूंच्या तांड्यात सोबती म्हणून सामील व्हायचं, विश्वास संपादन करायचा, आणि मग रुमालाने गळा आवळून, प्रेत पुरून पसार व्हायचं, असं करणाऱ्या टोळ्यांच्या मागे तो लागला. असे खून झाले, टोळ्या होत्या, यात शंका नाही. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्यांच्या तोंडून बाकीच्यांची नावं काढली गेली. १८३६ मध्ये स्लीमनने ठगांच्या गुप्त बोलीचा कोश छापला, सोबत ठगांच्या घराण्यांच्या वंशावळ्या. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी आली (हेच टेलरसाहेब पुढे आपल्या नळदुर्गाला अंमलदार होते) आणि 'थग' शब्द इंग्लंडच्या घराघरात पोचला. देवीच्या नावाने खून करणारा एक भारतव्यापी पंथ खरंच होता, की गरिबी, पेंढारी मोहिमांनंतर सुटलेले बेकार शिपाई आणि साहेबाची कल्पनाशक्ती यांचं ते मिश्रण होतं, यावर राधिका सिंघा, किम वॅगनर अशा इतिहासकारांनी बरंच लिहिलंय. वाद अजून मिटलेला नाही.

मला त्या वादापेक्षा एक कागद महत्त्वाचा वाटतो. १८३६ चा तिसावा कायदा. त्याचा आशय असा: जो माणूस, हा कायदा होण्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, ठगांच्या कुठल्याही टोळीत होता असं सिद्ध होईल, त्याला जन्मभर सक्तमजुरीची कैद.

नीट वाचा. खून केला असं सिद्ध व्हायला नको. टोळीत होता एवढं पुरे. कायदा होण्याआधी होता तरी चालेल. आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट: ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती!

प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे वाचून घाम फुटेल. व्हेरिएबल डिक्लेअरच केलं नाही आणि त्यावर जन्मठेपेची कंडिशन लावली. मग ठग कोण? तर माफीचा साक्षीदार ज्याच्याकडे बोट दाखवेल तो, साहेबाच्या वंशावळीत ज्याचं नाव येईल तो.

१८३३ आणि १८३६. मध्ये तीन वर्षं. एकीकडे एका सार्जंटने वेष पालटला म्हणून पार्लमेंट चौकशी करतंय. दुसरीकडे तेच साम्राज्य एका सैल शब्दावर लोकांना आजन्म कोंडतंय. झाकण्याच्या एकाच धातूतून निघालेले डिटेक्टिव्ह आणि ठग इंग्रजीत एकाच काळात रुळले. एकाच्या अधिकारांना लगाम होता, दुसऱ्याच्या नावाला व्याख्यासुद्धा नव्हती.

जबलपूरला या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना कामाला लावायला एक उद्योगशाळा काढली होती. तिथे गालिचे विणायचे. आणि तंबू करायचे. म्हणजे पुन्हा झाकणंच.

छप्परबंद

एकदा चाललेला कोड माणूस पुन्हा वापरतोच. १८३६ चा 'सभासद असणं हाच गुन्हा' हा विचार १८७१ मध्ये मोठा होऊन परत आला. क्रिमिनल ट्राइब्ज ऍक्ट, गुन्हेगार जमातींचा कायदा. आता टोळीही नको, जन्म पुरे. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. ठरावीक जमातींच्या लोकांनी नावं नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, पोलिसांकडे हजेरी लावायची, गावाबाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरची 'सेटलमेंट' तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं, आणि बापाने काहीही केलेलं नसताना त्या कुंपणात जन्मणारी मुलं.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. महाराष्ट्रातली विमुक्त जातींची यादी कधी वाचली नसेल तर वाचा. बेरड, कैकाडी, पारधी, रामोशी, वडार... आणि त्यात एक नाव आहे छप्परबंद.

छप्परबंद! छप्पर बांधणारा. शब्दशः थॅचर.

इंग्रजी पोलिसांच्या लेखी छप्परबंद म्हणजे खोटी नाणी पाडणारे. त्यांच्यात तसं करणारे काही असतीलही. पण नोंद माणसांची झाली नाही, जमातीची झाली. तिकडे छप्पर शाकारणाऱ्याचं आडनाव लावून एक बाई १९७९ मध्ये पंतप्रधान झाल्या. इकडे त्याच कामाचं नाव असलेल्या लोकांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं. सुरुवातीला घातलेलं कोडं मी गंमत म्हणून घातलं होतं. या यादीत ते गंमत राहत नाही.

आणि हे सगळं इंग्रजांवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण त्याच यादीत दुसरं नाव आहे भामटा. आपण रोज वापरतो तो शब्द. कोणी पैसे बुडवले, 'भामटा आहे लेकाचा!' एका समाजाचं नाव आपल्या मराठीत शिवी म्हणून फिरतंय आणि आपल्याला ते खटकतही नाही. इंग्रजांनी लबाडीचा शब्द उचलून माणसांना चिकटवला, आपल्या बोलीत माणसांचं नाव लबाडीला चिकटलं.

हा जुना इतिहास म्हणावा तर तसंही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या कैद्यांना केवळ जमातीवरून 'सराईत गुन्हेगार' धरायची कलमं त्यांत होती. कायदा जाऊन ७२ वर्षं झाली होती, तरी तो शब्द नियमावलीच्या पानात जिवंत होता.

उघडण्याचे शब्द

शेवटी पुन्हा शब्दांकडे. ही सगळी यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. झाकण्यासाठी इंग्रजीत ढिगाने शब्द आहेत, पण उघड करण्याचे कित्येक मोठे शब्द बघा, सगळे झाकण्यालाच मागे-पुढे काहीतरी जोडून बनलेत. डिस्कव्हर म्हणजे कव्हर काढणे. डिटेक्ट म्हणजे छप्पर काढणे. रिव्हील म्हणजे बुरखा सारणे. अपोकॅलिप्स, ज्याला हॉलिवूडवाले जगबुडी समजतात, तो ग्रीकमध्ये नुसता 'झाकण काढणे' आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ते नाव, आणि त्या पुस्तकात जगाचा शेवट येतो म्हणून शब्दाला तो अर्थ चिकटला. आपलंही तसंच आहे. अनावरण म्हणजे आवरण काढणे. आणि विवरण? तोच 'वृ' धातू, मागे 'वि'. समजावून सांगणे म्हणजे मुळात झाकण उघडणे.

झाकण काही दर वेळी वाईट नसतं. डोक्यावर छप्पर लागतंच. आपल्या धंद्यात तर १९७२ मध्ये डेव्हिड पार्नासने 'माहिती लपवणे' हेच चांगल्या प्रोग्रामचं तत्त्व म्हणून मांडलं आणि आपण त्यावर पगार घेतो. पण तिथे एक अट असते: आत काय आहे ते लपवा, पण बाहेरून काय मागायचं आणि काय मिळेल हे स्पष्ट लिहा. १८३६ च्या कायद्यात नेमकं तेच नव्हतं. ठग या शब्दाचं विवरण नव्हतं. झाकणाऱ्याला पकडायला केलेल्या कायद्याने स्वतःचा मुख्य शब्दच झाकून ठेवला होता, आणि त्या झाकणाखाली कोणालाही घालता येत होतं.

म्हणून मला हल्ली सवय लागलीये. कोणी 'तुमच्या संरक्षणासाठी' म्हणून नवा नियम आणला, की आधी त्यातला मोठा, भीतीदायक शब्द शोधायचा आणि त्याची व्याख्या कुठल्या कलमात आहे ते बघायचं. व्याख्या सापडली तर पुढे वाचायचं. नाही सापडली, तर आपण आज त्या शब्दाच्या बाहेर आहोत म्हणून निवांत बसायचं नाही.

असो. आज बरंच लांबलं. आता आवरतो. ('वृ' धातू!)